येताना थांबू

कुवेतमध्ये ड्रायव्हिंग टेस्टसाठी थांबलो होतो. मागच्या बाकावर एक मराठी जोडपं बसलं होतं.

"क्षितिजा, शिकागोहून निघायचं ते थेट लॉस एंजेलिस! रूट सिक्स्टी-सिक्स! विचार कर!"

"अहो, वाटेत तळ्याकाठी तो भलामोठा निळा देवमासा आहे ना? त्याच्या तोंडात उभं राहून फोटो काढायचाय मला!"

"येताना थांबू."

"आणि जमिनीत नाक खुपसून उभ्या केलेल्या त्या गाड्या? लोक त्यांच्यावर रंगानं नावं लिहितात म्हणे!"

"तेही येताना. आधी पोचायचं बघू."

"इथल्या वफ्राच्या शेतावरच्या भाज्याही येतानाच घेणार होतात. आलो दुसऱ्या रस्त्यानं."

"कुठे थांबायचं ते चालवणाऱ्याला कळतं गं."

"अहो, पण या वेळी येताना आपण विमानात असणार!"

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. ती गेली, आणि थोड्या वेळानं जवळजवळ पळतच परत आली.

"पास! पहिल्याच झटक्यात पास!"

"अरे वा! मग तिकडे आलटून पालटून चालवू!"

"चालवू की! देवमासा येईल तेव्हा मी, त्या गाड्या येतील तेव्हाही मीच."

"आणि मी?"

"तुम्ही मधला रस्ता घ्या ना. तिथे थांबण्यासारखं काही नाही."