शिल्लक साडेपाचशे

(सून आणि बाबा स्वयंपाकघरात, फोन टेबलावर स्पीकरवर. लेक दुसऱ्या गावाहून बोलते आहे. तिच्यासमोर संगणकावर आईच्या पाण्याचा तक्ता उघडा, तोच इथे फोनवरही. आई आतल्या खोलीत पडून.)

लेक : काट्याची बॅटरी बदललीस म्हणतेस, मग वजन खरंच धरायचं. तीन दिवसांत दोन किलो! वहिनी, दोन किलो काही हवेने वाढत नाहीत.

सून : मी कुठे म्हटलं हवेने? पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. श्वासही कालपेक्षा जड लागतोय.

लेक : आणि तक्त्यात कालचं पाणी किती, तर साडेसहाशे मिली. परवानगी बाराशेची आहे. मी हेच आकडे डॉक्टरीणबाईंना पाठवले. त्या म्हणाल्या, एवढं कमी पिऊनही सूज येते म्हणजे हृदय थकलंय, घरी ठेवू नका. दवाखान्याची गाडी निघालीय.

बाबा : गाडी निघाली? तिला अजून कुणी सांगितलं नाहीये.

सून : मी कशी सांगू? काल माझा हात धरून म्हणाल्या, पुन्हा त्या खाटेवर नेऊ नका गं.

लेक : मलाही तेच म्हणाली. म्हणून गाडी यायच्या आत एकदा स्पष्ट विचारते. तक्त्यात न लिहिलेलं पाणी तिला कोण देतंय?

सून : म्हणजे मी.

लेक : मी नाव घेतलं नाही.

सून : घरात माणसं किती आहेत वन्सं? तुमचे दादा महिनाभर कामावर बाहेर. उरलो बाबा आणि मी.

लेक : बाबा गाळणीतला थेंबसुद्धा लिहितील. आयुष्यभर मापं घेतलीत त्यांनी. तुम्ही मऊ मनाच्या आहात, ती कळवळून मागत असेल...

सून : आज 'तुम्ही' झाले का मी? बरं.

बाबा : ए, पुरे. तू तिथे बसून बोलतेस. ही पोर तुझ्या आईसमोर पाणी पीत नाही, माहितेय? न्हाणीघरात तांब्या भरून ठेवते, तिथे जाऊन पिते. हिला तहान लागलेली दिसली की तिला लागते म्हणून.

सून : बाबा, ते कशाला काढलंत आता?

लेक : ...मला माहीत नव्हतं.

सून : नसेलच. तक्त्यात त्याला रकाना नाही.

लेक : वहिनी, चिडायचंय तेवढं चिड, पण नंतर. गाडी अडवायची तर मला काहीतरी सापडायला हवं. कालची ओळ वाच. मोठ्याने, एकेक घर.

सून : सकाळी गोळीबरोबर शंभर. चहा दीडशे. न्याहारीनंतर पुन्हा दीडशे. जेवताना दोनशे. दुपारी उठल्यावर दोनशे. चहा शंभर. संध्याकाळी दोनशे. रात्री जेवताना दोनशे. निजताना दोनशे.

लेक : थांब, थांब. हे साडेसहाशे कसे होतील? हे तर पंधराशे झाले!

सून : खाली साडेसहाशेच लिहिलंय.

बाबा : यंत्राला बेरीज येत नाही?

लेक : येते बाबा, तेवढीच येते. सूत्र तर बरोबर आहे, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. मधली घरं लपलेलीही नाहीत... वहिनी, चहाचे दीडशे पूस बघू.

सून : पुसले. खाली पाचशे झाले.

लेक : पुन्हा लिही. आता गोळीचे शंभर पूस.

सून : पुसले.

लेक : किती झाले?

सून : साडेसहाशे.

लेक : अगं, पुसलेस ना?

सून : घर रिकामं आहे वन्सं. बेरीज ढिम्म हलली नाही.

बाबा : ते शंभर माझे होते. सकाळची गोळी मी देतो.

लेक : दुपारचे दोनशे कुणाचे?

बाबा : माझेच. ही तेव्हा कपडे वाळत घालत असते. न्याहारीनंतरचे, संध्याकाळचे आणि निजतानाचेही माझे.

लेक : थांबा, मी तक्ता मोठा करून बघते. रोज सकाळी फोनवर नुसती बेरीज पाहायचे मी... अरे देवा. बाबा, तुमचे आकडे घरात डावीकडे चिकटलेत. वहिनीचे सगळे उजवीकडे. तुम्ही मराठी आकडे लिहिता?

बाबा : मग कुठले लिहू? माझ्या फोनात मराठीच आहे. दुकानात चाळीस वर्षं छाती, कंबर, बाही याच आकड्यांत लिहिली. एकाचंही कापड वाया गेलं नाही.

लेक : तुमचं चुकलं नाही हो. पण या तक्त्याला तो आकडा वाटतच नाही, शब्द वाटतो. जसं कुणी तिथे 'सोमवार' लिहावं. शब्द आला की तो चूक दाखवत नाही, विचारत नाही, गुपचूप ओलांडून पुढे जातो.

बाबा : म्हणजे हिचं पाणी सख्खं आणि माझं सावत्र?

सून : बाबा, हसवू नका, मला रडू येतंय.

बाबा : मी तरी कुठे हसतोय... अगं, पण ते खालचं घर? 'शिल्लक'वालं?

लेक : बाराशेतून बेरीज वजा होऊन येतं ते.

बाबा : मी रोज निजायच्या आधी तेच बघायचो. काल होतं, शिल्लक साडेपाचशे. ती म्हणाली, घसा सुकलाय. मी म्हटलं, आहे की अजून, घे पोटभर. खुश झाली बिचारी. म्हणजे तिला मीच...

सून : बाबा, बसा आधी. तुम्ही विचारून दिलंत. तक्ता 'हो' म्हणाला.

लेक : तक्ता माझा आहे, बाबा. मी ऑफिसात दिवसभर असेच तक्ते करते. तुमच्या फोनवर एकदा लिहून बघावं, एवढं सुचलं नाही मला. तुम्ही फोन ठेवू नका, दुसऱ्यावरून डॉक्टरीणबाईंना लावते.

बाबा : सूनबाई, सगळं तुझ्यावर आलं होतं.

सून : आलं तसं गेलं. तुम्ही पंख्याखाली बसा बघू.

बाबा : गाडीचा आवाज आला का?

सून : नाही हो. शेजारचं फाटक वाजलं.

लेक : ऐका, बोलले मी. खरे आकडे सांगितले. म्हणाल्या, मग सूज जादा पाण्याची आहे. गाडी परत बोलावतायत.

सून : देव पावला!

लेक : पण नीट ऐका. सूज उतरायची एक गोळी आत्ता जादा द्यायची. सकाळी वजन करायचं. त्या स्वतः येऊन बघतील. मात्र श्वास वाढला तर कुणाचीही वाट न बघता न्यायचं. आणि पाणी... आजचे बाबांचे धरून बाराशे कधीच झालेत. गोळीपुरता घोट द्या. मग सकाळपर्यंत काही नाही.

सून : आई हाक मारतायत.

बाबा : पाणीच मागत असेल.

सून : मी जाते. काहीतरी सांगेन.

बाबा : तू नको. 'आहे' म्हणून रोज मी सांगितलं. 'नाही' हेही मीच सांगतो. वाटीत चमचाभर पाणी दे, आणि कापूस. ओठ तेवढे ओले करतो तिचे.

लेक : वहिनी... मी मघाशी...

सून : राहू दे गं. तू आलीस की भांडू सावकाश.

बाबा : आणि हा चमचा? लिहायचा ना? आता कुठल्या आकड्यात लिहू?

लेक : तुमच्याच, बाबा. तक्ता मी बदलते.