अम्मा आलेल्या घरातला केक

विज्ञानाचा विजय कसा होतो ते ऐका. मद्रासमध्ये कांजिण्या झाल्या की घरात अम्मा, म्हणजे देवी, आली म्हणतात आणि आजाऱ्यालाच देवी मानतात. ऐन ऑक्टोबरात माझ्या मित्राकडे, व्यंकटकडे, ती आली. आठवडाभर त्याला नुसती पेज! मी चिडून कुकरमध्ये वाळू घालून बिनअंड्याचा केक भाजला, घेऊन गेलो आणि व्यंकटच्या आईला म्हणालो,

"काकू, हा विषाणू आहे. देवीबिवी काही नसते."

"हळू बोल, तिला ऐकू जाईल," म्हणत काकूंनी केक व्यंकटसमोर ठेवला, हात जोडले आणि प्रसाद म्हणून व्यंकट सोडून घरात सगळ्यांना वाटून टाकला. माझ्या हातावरही तुकडा आला. मी खाल्लाही.

व्यंकट ओरडला, "देवी मीच ना? मग देवीला भूक लागलीय!"

"देवी नुसती बघते रे," काकू म्हणाल्या, "खायचं भक्तांनी."