घरचा अनुभव

— नाही, तू बस की, मी इकडे सरकतो. बाकडं केवढं लांब आहे, चौघं मावतील. आणि अशी पाठ करून बसू नकोस राव, मी काही खात नाही कुणाला. तर काय सांगत होतो — हां, मिशीचं! तुला मिशी आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आमची ही रोज जेवताना सांगते, साहेबांनी आज असं केलं, साहेबांनी आज तसं केलं, साहेबांनी आपल्या हाताने बूट घातला — मला वाटलं, असेल एखादं सात-आठ वर्षांचं पोर, केंद्रातली मंडळी लाडाने साहेब म्हणत असतील. आणि इथे येऊन बघतो तर हा सहा फुटी गडी! तुला खरं अहो-जाहोच करायला हवं, पण आता तोंडातून अरे-तुरे गेलं ते गेलं. खांदे काय आहेत रे, माझ्या वर्कशॉपात असतास तर एकट्याने लोखंडी दार उचललं असतंस. बोलत नाहीस, माहीत आहे. तुझं सगळं माहीत आहे मला. केस कापताना कानाला हात लागलेला तुला चालत नाही, पिवळा टॉवेल चालत नाही, जेवताना शेजारी कोणी बसलेलं चालत नाही — सख्ख्या मेव्हण्याबद्दल मला एवढं माहीत नाही! नखं कुणी कापली ही? हिनेच ना? वाटलंच. काय गोल कापलीत.

त्या बुटाचंच घे. तू पट्टा लावत होतास आणि ही जमिनीवर बसून राहिली. नुसती बसून! हात लावला नाही, लवकर कर म्हणाली नाही, बाकीचे सगळे जेवून उठले तरी ही जागची हलली नाही. आणि घरी येऊन मला सांगताना डोळ्यांत पाणी — बुटासाठी! मी म्हटलं, अगं, मीही रोज माझे बूट माझ्याच हाताने घालतो, त्याचं कधी कौतुक नाही केलंस ते. विनोद होता तो. बरा होता की नाही? पण नाही हसली. खरं सांगू का तुला, लपवत नाही — मी तुला पाण्यात पाहतो. इतके दिवस तोंड न बघता पाण्यात पाहत होतो, आता तोंड बघून तर जास्तच. का म्हणजे? धीर म्हणून जी काही चीज त्या बाईकडे आहे ना, ती सगळी इथे ओतून येते, आणि घरी माझ्या वाट्याला काय? रिकामं भांडं.

आता माझं घर कसं आहे ऐक. मी खिडक्यांची ग्रिल बनवतो, दिवसभर ग्राइंडर आणि हातोडी, म्हणून माझा आवाज असा — भांडत नाहीये हं मी, मी असाच बोलतो. दमून घरी जावं, तर ही पाण्याचा तांब्या समोर ठेवते आणि सरळ आतल्या खोलीत. टीव्ही बारीक. मिक्सर मी असताना लावतच नाही, माझ्या येण्याआधी सगळं वाटून ठेवते. जेवण होईपर्यंत एक शब्द विचारत नाही, गिऱ्हाइकाने पैसे दिले का नाही, काही नाही. मी चिडलो — चिडतो मी, नाकावर राग आहे माझ्या, हात नाही उचलत हां, कधी म्हणजे कधी नाही, फक्त आवाज, फार तर दार आपटतो — तर ही उलट बोलत नाही, रडत नाही, माझ्या बाजूला उभी राहून तेच एक कोरडं ताट पुसत बसते. माझं ओरडून संपलं की ताट फडताळात. अरे, भांड की माझ्याशी! भिंतीशी काय संसार करायचा?

तुझ्यासाठी मात्र केवढा शोध! तू हात चावून घ्यायचास ना — तो बघ, वण अजून आहे — इथल्या कुणाला कळेना का चावतोस, आणि ही तू कधी उठतोस, कधी बसतोस ते बघत राहिली आणि म्हणाली, पाण्याची मोटर सुरू झाली की हे चावतात. मोटरची वेळ बदलली, तू सुतासारखा सरळ! वागणं हेही बोलणंच असतं म्हणते, ज्याला शब्दांत सांगता येत नाही तो वागून सांगतो. ह्याचाच तर कोर्स केला तिने. दिव्यांग माणसांच्या वागण्यामागचं कारण शोधायचं आणि त्यांना त्यातून बाहेर यायला मदत करायची, असलं काम असतं म्हणे जगात, आणि त्याला पगारही असतो. बरं, परवाचं सांगतो. मी जरा हळू म्हणालो, चहा देशील का गं. काय हसली रे! म्हणाली, किती छान विचारलंत. मी हुरळून गेलो, पुन्हा एक कप मागितला, नको असताना. आणि त्याच दिवशी जेवताना सांगते, साहेबांनी आज पाण्याचा पेला बोटाने दाखवला, मी म्हटलं, किती छान सांगितलंत. तेच! तेच वाक्य! म्हणजे तुझ्या पानात वाढून उरलेलं मला!

सरकू नकोस की, पडशील. हे काय डोलणं सुरू केलंस? बरं, डोल.

काल तर कहर झाला. मागे ती नवीन इमारत आहे ना, तुम्हा लोकांची राहायची, तिथे पूर्ण वेळची नोकरी देतायत तिला. आठवड्यातले चार दिवस मुक्काम. मला विचारलं नाही, सांगितलं — मॅडमना मी हो म्हणणार आहे, असं. आणि चादरीच्या घड्या घालत राहिली. चार दिवस तुझ्याकडे, तीन माझ्याकडे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून आज वर्कशॉप बंद ठेवून आलो, तिला पत्ता नाही. ती तिकडे वर्गात आहे तोवर मोठ्या मॅडमना गाठून सांगायचं, आमच्याकडे हे जमणार नाही, विषय संपला. गेलोही आत. तर त्या बाई उठून उभ्या राहिल्या माझ्यासाठी! खुर्ची दिली. म्हणाल्या, तुमचंही कौतुक करायला हवं, घरात असं कोणी असताना तुम्ही दोघांनी निभावलंत. मी म्हटलं, कसं कोणी? म्हणाल्या, मुलाखतीत आम्ही विचारलं, एवढा धीर कुठून आला, तर तुमच्या मिसेस म्हणाल्या, घरचा अनुभव आहे, बऱ्याच वर्षांचा. कोण ते नाही सांगितलं, आम्हीही खोदून विचारलं नाही. आता कसे आहेत ते?

मी काय सांगणार? म्हटलं, बरे आहेत.

तेवढ्यात त्यांचा फोन आला, म्हणाल्या पाच मिनिटं बाहेर बसा, तुमचं काम राहिलंच. म्हणून बसलोय इथे तुझ्याजवळ. तूच सांग, घरी कोण आहे? लेक शिकायला बाहेरगावी, ती हुशार, फोन करते ती मी घरी नसताना — वेळच तशी जुळते. माझी आई गेली, पण ती तर गरीब गाय. तिचं कुणी काय सोसायचं, उलट वडिलांचं सगळं तिनेच सोसलं. वडील दारात आले की आई आधी रेडिओ बंद करायची. पाण्याचा तांब्या समोर, आणि आम्हा पोरांना आतल्या खोलीत —

…

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ऐकतोयस का? मी! मी आहे तो घरचा अनुभव! कोर्सच्या आधीपासून — मिक्सर काय, ताट काय, आज कुठे सुरू झालंय ते! मला वाटायचं टाळते मला. लाज वाटते रे. मघाशी मी तिथे खुर्चीत ऐसपैस बसून बरे आहेत म्हणालो! आणि सांगू, लाजेपेक्षा जळफळाट जास्त होतोय. शिकली माझ्यावर! सगळं माझ्यावर शिकली, आणि माया कुणावर? तुझ्यावर! तू बूट घातलास तर डोळ्यांत पाणी, आणि मी इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय त्याचं — अरे! अरे, हात सोड. चावू नकोस! सोड म्हणतो ना! सोड —

नाही. नाही ओरडत. चुकलो. मोटर मीच आहे की.

समोर उभं राहायचं नाही, ना? बाजूला. ती माझ्या बाजूलाच उभी असते. हात नाही लावायचा. हा बघ, हात मागे घेतला. बसतो मी खाली. किती वेळ लागतो रे ह्याला? ती किती वेळ थांबते?… हं. थांबतो.

… मॅडम, हळू. जरा हळू बोला. काही नाही, होतील शांत ते. माझं? माझं काही काम नव्हतं. खरंच काही नव्हतं. तिला हो म्हणू द्या. तुम्ही जा आत, मी बसतो इथे गप्प.