वामनकाकांची प्रभातफेरी

आत काय घडत असे, ते मी अर्थातच पाहिलेले नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या सामाईक शौचकूपाबाहेर मी रांगेत उभी असे, एवढाच माझा पुरावा. शेजारचे वामनकाका आत गेले की अर्धा तास बाहेर येत नसत. रांगेतून कुणीतरी ओरडे, "काका, झोपलात की काय?" आतून उत्तर येई, "प्रयत्न चालू आहेत!"

डॉक्टरांनी रोज सकाळी तासभर चालायला सांगितले. काका म्हणाले, "काम नसताना रस्त्याने हिंडू? लोक म्हणतील, नोकरी गेली."

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी प्रभातफेरी निघू लागली आणि चालायला कारण मिळाले. काका घोषणा देत थेट दादरपर्यंत जाऊन येत. आठवड्याभरात ते दोन मिनिटांत बाहेर येऊ लागले. त्याच सुमारास काकूंनी त्यांना पहाटे तांब्याभर कोमट पाणी द्यायला सुरुवात केली होती, म्हणून सारे श्रेय चालण्याला द्यायला मी तयार नव्हते.

"तू शंका काढ," काका म्हणाले, "मी फेरी काढतो."

यथावकाश राज्य झाले, पेढे वाटले गेले आणि फेरी थांबली. कोमट पाणी चालूच होते. तरी चौथ्या दिवशी रांग पुन्हा जिन्यापर्यंत गेली.

काकांनी फेरीचे पुढारी बंडूनाना यांना गाठले. "नाना, उद्यापासून फेरी पुन्हा काढा."

"अहो, महाराष्ट्र मिळाला की!"

काका पोटावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "आणि बेळगाव?"

नानांनी दुसऱ्या दिवशी पहाटे फेरी काढली. बेळगावचा प्रश्न अजून सुटलेला नाही.