म्हात्रे सरांच्या फळ्यावरची पाच घरं

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत. सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा मी या हॉलमध्ये एवढी माणसं पाहिली नाहीत. मला भाषण येत नाही. पोस्टात पत्रं वेगळी करण्यात आयुष्य गेलं, तोंड उघडलं ते भांडायलाच. आणि ज्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडले, त्यांच्याबद्दलच आज बोलायचंय. सांभाळून घ्या.

म्हात्रे सर कामोठ्यात इंग्रजीची शिकवणी घ्यायचे. तुमची निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेली. क्लासच्या बाहेरच्या भिंतीवरचा फळा तुम्ही सगळ्यांनीच पाहिलाय. रोज सकाळी सातला सर त्यावर चौकोनी घरं काढायचे. कधी पाच, कधी सहा, कधी सात. खाली लिहायचे, शब्दात अमुक अमुक अक्षरं पाहिजेत. बस्स. ओळखा आता इंग्रजी शब्द! रिक्षावाले थांबायचे, मुलं थांबायची, दुधाची पिशवी घेऊन मीही थांबायची. अकरा वर्षं, मंडळी. अकरा वर्षांत किती वेळा माझं दूध पिशवीतच नासलं, विचारू नका.

नियम साधे होते. एक तर उत्तर सांगा, नाहीतर मोठ्यानं म्हणा, 'हरलो, सर.' तोवर फळा पुसायचा नाही. आणि जो हरेल, त्यानं दुसऱ्या दिवशी सरांना शब्द घालायचा. मग सर खुर्ची ओढून फळ्यासमोर बसायचे आणि उलट आम्हालाच दटावायचे, "दोन मिनिटं कोणी बोलू नका. मला सुचतंय." आणि घरं भरायचे ती शेवटून. मी म्हणायची, अहो सर, जग पुढून वाचतं! तर म्हणायचे, "शैलाबाई, चोर मागच्या दारानंच बाहेर पडतो."

मी कधी हरले म्हटलं नाही. उत्तर आलं तर सांगायची, नाही आलं तर दोन दिवस त्या रस्त्यानं जायचीच नाही. स्वभावाला औषध नसतं.

त्या दिवशी मी दुपारी फळ्यापाशी गेले, तेव्हा सात घरं होती. अक्षरं क्यू आणि टी. मी लगेच म्हटलं, क्वार्टर! सर हसले. म्हणाले, "बसतो. पण माझ्या मनातला तो नव्हे." झालं! माझं डोकं फिरलं. बसतो तर मग बरोबर का नाही? सर म्हणाले, "हरले म्हणा, सांगतो." मी म्हटलं, तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा, आणि तुमचा फळाही. पुन्हा या भिंतीकडे बघणार नाही. चार माणसांसमोर बोलले. सरांनी खडू खाली ठेवला. खुर्चीत बसून राहिले.

दुपारी चारला मुलं क्लासला आली. सर त्याच खुर्चीत होते. मुलांना वाटलं, डोळा लागलाय. बिचारी अर्धा तास गुपचूप बाजूला उभी राहिली.

आता पुढचं ऐका. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. अजूनही नाही.

क्लास झाडणाऱ्या हिराबाई इथे पुढेच बसल्यात. त्या माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "मॅडम, फला तीनदा पुसला मी. ओल्या फडक्यानं. वाळला का परत दिसतंय. आमी नाय हात लावणार आता." मी म्हटलं, अहो, जुना फळा आहे, खडू मुरतो त्यात. त्यांना म्हटलं खरं. पण मी बघायला गेले नाही.

परवा गाढी नदीच्या काठी दहावा होता. पिंड ठेवला. कावळा समोरच्या फांदीवर, आणि तोंड फिरवून! सरांचा मुलगा प्रसाद म्हणाला, बाबा, आईला करंजाड्याला माझ्याकडे नेईन. कावळा हलेना. क्लास बंद पडू देणार नाही, म्हणाला. हलेना. प्रसादच्या आईनं, नलिनीवहिनींनी हात जोडले, काय राहिलंय हो तुमचं? तासभर गेला. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. काय राहिलंय, ते तिथं एका माणसाला माहीत होतं.

मी उठले. पिंडासमोर गेले आणि म्हटलं, "हरले, सर."

तोंडातला शब्द संपायच्या आत कावळा खाली आला, मंडळी. प्रसाद साक्षीला आहे.

संध्याकाळी वहिनींनी सरांची वही काढली. रोजचा शब्द सर तिच्यात लिहून ठेवायचे. त्या दिवशीच्या पानावर सात अक्षरं होती. क्वाएटली. म्हणजे शांतपणे, कुणाला कळू न देता. वहिनींनी वही मिटली.

मी हरले होते. म्हणजे शब्द घालायची पाळी माझी. काल सकाळी सातला मी फळ्यापाशी गेले. पहिल्यांदाच पुसला मी तो. वाळायची वाट बघितली. या वेळी काही परत उमटलं नाही. मग मी पाच घरं काढली. खाली लिहिलं, एस आणि आर. शब्द सोपा आहे. पहिलीतल्या पोरालाही येतो. फक्त मला अकरा वर्षांत एकदाही तो सरांना म्हणता आला नाही. माझ्या कोडग्या तोंडातून तो निघत नाही, म्हणून फळ्यावर घातला. चुकलं हो माझं. फार चुकलं.

आज इथे यायला निघाले, तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "शैलाताई, शेवटचं घर भरलंय." मी धावत गेले. शेवटच्या घरात वाय होता. शेपटी डावीकडे वळवलेला. तसा वाय काढताना मी अकरा वर्षं एकाच हाताला पाहिलंय. हिराबाईंना विचारलं, रिक्षा स्टँडवर विचारलं, एकेका मुलाला समोर उभं करून विचारलं. कुणीही खडूला हात लावला नाही म्हणतात. तुमच्यापैकी कुणी लावला असेल, तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही.

नाही ना कुणी?

बरं. मग चार घरं राहिलीत. ए मुलांनो, कळलंय तुम्हाला उत्तर, तुमच्या तोंडावर दिसतंय. गिळा तो शब्द. कुणीही मोठ्यानं म्हणायचा नाही. तो सरांनीच भरायचाय. त्यांनी भरला, तर मी समजेन की पोचला.

आता सगळे उभे राहा. मोबाइल बंद करा. आणि दोन मिनिटं कोणी बोलू नका.

सरांना सुचतंय.