तीन सेन्सर आणि हेल्वीबाईंची फाइल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या गॅरेजचे मालक माननीय ग्रँट विलोबीसाहेब, व्यासपीठावर अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती हेल्वी हापालाबाई, खास पाहुण्या बॅननबाई, आणि भाषणं कधी आटोपतात नि गुलाबी साखरेचे गोड पाव, आपले पर्शियन, कधी वाटले जातात याकडे डोळे लावून बसलेल्या थंडर बेच्या समस्त मंडळींनो,

साहेबांनी मला चिठ्ठी दिली आहे. पाच मिनिटं, आणि चार गोड शब्द. एकेचाळीस वर्षं ज्या बाईंनी या गावाच्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांना चार शब्द? बरं, तेही बोलतो. पण आधी एक विचारू का? निवृत्तीला दोन वर्षं असताना हेल्वीबाई आजच का निघाल्या? निमंत्रणात छापलंय, ‘तब्येतीमुळे’. साफ खोटं! गेल्या शनिवारी या बाई बर्फ फोडून मासे धरत होत्या. त्यांच्या फाइलमध्ये एक ओळ आहे, ‘निष्काळजीपणाने तीन सेन्सर वाया घालवले.’ त्या ओळीवर त्यांना घरी बसवलं जातंय.

रागावू नका साहेब, गोड शब्दांकडे येतोच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे इंजिनाच्या धुराच्या नळीत बसवलेलं बोटभर नाक. धुरात प्राणवायू किती उरला हे ते हुंगतं आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. बॅननबाई नर्स आहेत, निपिगॉनपर्यंत घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधतात. त्यांची टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा असलेली, छोटी गाडी चढावर धापा टाकायला लागली. दुसऱ्या एका गॅरेजने छातीठोकपणे सांगितलं, “टर्बो गेला, नवा घाला.” हेल्वीबाई म्हणाल्या, “टर्बोच्या नावाने बोंब कशाला? आधी नाक तपासू.” कुठे गळती नाही, हे त्यांनी पाहिलं. मग इंजिनाच्या हवेत जरासा गॅस सोडला. तपासणी यंत्राच्या पडद्यावरची सेन्सरची रेघ ताबडतोब उडायला हवी होती. ती सासुरवाडीत उशिरा उठणाऱ्या जावयासारखी सावकाश हलली. सेन्सर बदलला, गाडी पळाली.

दीड महिन्यात पुन्हा तेच. दुसरा सेन्सर घातला, तोही गेला. मग तिसरा. तोही मेल्यावर साहेब खाली आले आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाले, “हेल्वी, वय झालं तुझं. तेलकट हात लावतेस आणि माल फुकट घालवतेस.” गिऱ्हाइकासमोर! हेल्वीबाईंनी हाताखाली शिकवलेले आम्ही सहाजण तिथेच उभे होतो. सगळ्यांनी माना खाली घालून हत्यारं पुसायला घेतली.

हेल्वीबाईंनी तिसरा सेन्सर काढून दिव्याखाली धरला. टोकावर पीठ उडाल्यासारखी पांढरी भुकटी होती. “हे तेल नव्हे, साहेब. सिलिकॉन जळाल्याची राख आहे ही. इंजिनाच्या झाकणाला कुणीतरी भलतंच सील फासलंय. त्याची वाफ इंजिन आत ओढतं आणि राख नाकावर बसते.” झाकण उघडलं. आम्ही वापरतो ते सील करडं असतं. हे दुधाळ होतं, न्हाणीघरात टबाच्या कडेला लावतात ते. त्यांनी कण न् कण खरवडला, नवं गॅस्केट बसवलं आणि चौथा सेन्सर घातला. अकरा महिने झाले, तो अजून ठणठणीत आहे. बॅननबाई समोरच बसल्यात, विचारा त्यांना. गाडी दुरुस्त झाली. फाइल कुणी दुरुस्त करायची?

आणि ते ‘कुणीतरी’ कोण? गाडी धापा टाकायला लागण्याआधी तिचं झाकण तेल गळतंय म्हणून आमच्याकडेच उघडलं होतं, आणि त्या दिवशी करड्या सीलची ट्यूब संपली होती. साहेब म्हणाले, “कपाटात असेल ते लाव, गाडी चारला द्यायचीय.” लावणाऱ्याला ते चूक आहे हे कळत होतं. तरी त्याने लावलं आणि कामाच्या कागदावर सही ठोकली.

सही माझी आहे. ओरेस्ट कोस्टिउक.

हेल्वीबाईंनी ती तेव्हाच पाहिली. कागद जागेवर ठेवला आणि मला एवढंच म्हणाल्या, “तू सांगशील, ओरेस्ट.” मी सांगितलं नाही. पुढच्याच महिन्यात वर्कशॉपचा मुख्य व्हायचं होतं ना मला! झालो. साहेबांवर इतका वेळ तोंड टाकलं, पण खरी लाज मला वाटायला हवी, आणि वाटते.

साहेब, फाइल मी बरोबर आणली आहे. सन्मानचिन्ह देण्याआधी, या सगळ्यांसमोर, ती ओळ खोडा आणि तिथे माझं नाव लिहा. मुख्याच्या जागेचं काय करायचं ते सोमवारी बघू.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या झाकणाचं मात्र घालू नका.

हेल्वीबाई, मी सांगितलं. फार उशिरा सांगितलं.