शेवटच्या बाकाची फळी

— नाही नाही, तिथे नका बसू. या पुढच्या बाकावर बसा. हां. वही काढलीत? मग लिहा — पहिलं चॅपल गवताचं होतं, एका वादळात तळ्यात गेलं. मग आमच्या लोकांनी हे दगडी बांधलं. दगड होड्यांतून आणले, फादर स्वतः चिखल कालवायचे म्हणे. आणि बाकांना लाकूड? ते कुठलं असायला! मग ठरलं — ज्याची होडी मोडीत निघेल, त्यानं तिची एक चांगली फळी इथे द्यायची. तुम्ही बसलाय ती माझ्या आजोबांची होडी. आधीचे बाक वडिलांनी केले, नंतरचे मी — गावात सुतार आम्हीच ना.

तो शेवटचा? तो धाकट्या भावाच्या होडीचा. मोडीत नव्हती निघाली ती — बुडाली. बारा वर्षं झाली. वारा सुटला, काय करणार... म्हणजे, तसा फार नव्हता हो वारा. तळातून पाणी झिरपायचं. सांगितलं होतं त्यानं, दादा, फळी बदलून दे. माझ्याकडे एकच होती, अखंड, बिनगाठीची — पण बिशप यायचे होते, चॅपलचं दार कुजलेलं. ते कसं दाखवायचं त्यांना? मी म्हटलं, देवाचं आधी, तुझं सोमवारी. तोवर पत्रा ठोकला, डांबर फासलं. हसला तो. म्हणाला, देव पाण्यावर चालतो दादा, मला पोहतासुद्धा धड येत नाही. शनिवारी गेला.

दार बघितलंत ना येताना? सगळे कौतुक करतात. मी बाजूच्या दारानं येतो.

भावजयीला? छे, तिला कुठलं माहीत! होडी वर काढली तेव्हा कुणी जवळ यायच्या आत पत्रा मीच उपटला. मग बाक करताना खिळ्यांची भोकं बुजवली, रंधा मारला. दर रविवारी ती तिथेच बसते, फळीवरून हात फिरवते. म्हणते, भावोजी, किती गुळगुळीत केलंत. रडायचीही सोय नाही हो मला —

आं? हे पण लिहिलंत? खोडा. पान फाडा ते — अहो फाडा, फुलं घेऊन तीच येतेय... ये गं, ये. काही नाही, या साहेबांना इतिहास सांगत होतो. लिहा साहेब — त्या दिवशी फार वारा होता. झालं. संपला इतिहास. उठा आता.